कोऱ्या प्रवेशाचा पुरस्कार

या अंकाच्या संपादिका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "काका, तुम्ही त्या पुरस्कारावर लिहा." मी म्हटलं, "बाई, पुरस्कार मला मिळालेला नाही." त्या म्हणाल्या, "म्हणूनच." आता याचा अर्थ काय घ्यायचा, तुम्हीच सांगा! बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "लिहा की. ऐकून ऐकून आमचे कान किटले, आता जरा लोकांचे किटू द्या." तेव्हा लिहून राहिलो. पण आधीच सांगून ठेवतो, जे झालं ते मला स्वतःला अजून नीट समजलेलं नाही. वाचून तुम्हाला समजलं तर कळवा, मी नांदेडलाच असतो.

मी प्रॉम्प्टर. पोटासाठी रेल्वेच्या ऑफिसात बाबूगिरी केली, ती निवृत्त झाल्यावर संपली. प्रॉम्प्टिंग काही संपलं नाही. आमच्या नांदेडच्या हौशी नाटकमंडळीत सगळे दिवसा दुसरंच काहीतरी करणारे: कुणी शाळेत, कुणी बँकेत, कुणी औषधाच्या दुकानात. संध्याकाळी तालमीला जमायचं, आणि कुणालाच पाठांतराला वेळ नाही. मग माझ्यासारखा माणूस लागतोच.

प्रॉम्प्टर म्हणजे प्रयोग चालू असताना विंगेत, स्टेजच्या बाजूच्या पडद्याआड, संहिता घेऊन बसलेला माणूस. नट वाक्य विसरला की ते त्यानं पुरवायचं. प्रेक्षकाला दिसायचं नाही, ऐकू जायचं नाही, आणि नाटक संपून टाळ्या चालू झाल्या की आपण आपल्या चपला शोधायच्या. लोकांना वाटतं आम्ही कुजबुजतो. अहो, कुजबुजायचं नसतं! कुजबुजीतले स आणि श फिस्स करत पार मागच्या रांगेत जातात. आम्ही घशातून, आवाज खाली दाबून बोलतो. आणि अख्खं वाक्य कधी देत नाही. पहिले दोन शब्द फेकायचे, बाकीचं नट उचलतो. तेसुद्धा तो अडकल्यावर नाही, अडकायच्या अर्धा श्वास आधी. अडकल्यावर देऊन काय उपयोग, तोवर सगळ्या गावाला कळलेलं असतं.

या धंद्यात अवघड गोष्ट एकच. समोरचा गप झाला, तर तो विसरलाय का मुद्दाम थांबलाय? नटलोक ज्याला पॉज म्हणतात तो पॉज आहे, का बिचाऱ्याच्या डोक्यात अंधार झालाय? दोन्ही दिसायला अगदी सारखं. माझी खूण पायांची. विसरलेल्या माणसाचे पायाचे अंगठे हलतात. चेहरा कितीही सांभाळला तरी अंगठे हलतातच. म्हणून मी आयुष्यभर नाटकं पाहिली ती पायांकडं बघत. चांगल्या चांगल्या नटांचे चेहरे मला आठवत नाहीत, पाय आठवतात.

आणि तरी फसलोच. एक एसटी कंडक्टर आमच्या नाटकात बापाचं काम करायचे. मुलगा घर सोडून जातो आणि बाप उंबऱ्यात उभा, असा प्रवेश. गडी उभा राहिला तो उभाच. पायात बूट, त्यामुळं अंगठे दिसेनात. मी शब्द फेकला. हलले नाहीत. पुन्हा फेकला. मग त्यांनी सरळ विंगेकडं मान वळवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माहीत हाय हो मला! जरा रडू द्या की!" प्रेक्षकांनी टाळ्यांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं. आमचे दिग्दर्शक, कॉलेजात शिकवणारे संजय सर, कपाळाला हात लावून बसतील असं मला वाटलं होतं. तर त्यांनी पुढच्या प्रयोगापासून ते वाक्य संहितेतच घालून टाकलं! म्हणजे माझी चूक, कंडक्टरची चीड, आणि नाव लेखकाचं. तेव्हाही मला काही समजलं नव्हतं.

किनवटला एका निवासी शाळेत प्रयोग होता. सकाळी आम्ही पटांगणात तालीम केली, ती वसतिगृहातल्या सगळ्या पोरापोरींनी बघितली. संध्याकाळच्या प्रयोगात नायक अडकला. मी तोंड उघडायच्या आत पुढच्या चार रांगांनी एका सुरात वाक्य सांगितलं. पुढं पुढं तर तो अडकला नसतानाही पोरं सांगायला लागली. मी संहिता मिटली आणि विंगेत शेंगा खात बसलो. इतका निवांत प्रयोग पुन्हा कधी मिळाला नाही. आता तर काय, नट कानात यंत्र घालतात म्हणे, आणि मोबाइलवरून वाक्यं येतात. बरंय. यंत्राला चपला शोधाव्या लागत नाहीत.

तर तो पुरस्कार. दिल्लीच्या एका संस्थेचा, देशभरातल्या नाटककारांसाठीचा. त्यांची पद्धत जगावेगळी आहे. आधी संहिता वाचून, म्हणजे तिचं इंग्रजी भाषांतर वाचून, काही नाटकं निवडतात. मग परीक्षक स्वतः येऊन, ज्या मंडळींनी ते नाटक बसवलंय त्यांचाच प्रयोग बघतात. पुरस्कार मिळाला, तर तो द्यायला पुन्हा लेखकाच्या मुलखात येतात आणि तिथं प्रयोग झाल्यावर स्टेजवरच देतात. लिहिलेलं आणि केलेलं, दोन्ही मिळून नाटक, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं चांगलंच आहे. गोंधळ त्यातूनच झाला.

आमच्या मंडळींचं नाटक होतं 'नाव घातलेली भांडी'. लेखक विश्वनाथअप्पा, लातूरजवळच्या रेणापूरचे. रेणापुरात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत अप्पा दिवसभर मशीन हातात धरून भांड्यांवर नावं घालत बसतात, टर्र टर्र टर्र. गिऱ्हाईक नसलं की त्याच काउंटरवर पावतीपुस्तकाच्या पाठीमागं नाटकं लिहितात. कपाळावर विभूती, अंगात पांढरा सदरा, बोलणं रोखठोक. दरवर्षी नाटक लिहायचे आणि दरवर्षी आमचे सर म्हणायचे, "अप्पा, संवाद झकास आहेत." अप्पांना ते ऐकून ऐकून राग यायला लागला होता. मला एकदा म्हणाले, "दिगंबरराव, संवाद काय, बाजारात बसलं की कानावर पडतेतच. त्यात माझं काय हाय?"

म्हणून या नाटकात त्यांनी एक प्रवेश बिनसंवादाचा लिहिला. दोन भाऊ वेगळे निघतात. बाहेर पुरुषांचं जमिनीचं चाललेलं असतं, आणि आत दोघी जावा भांडी वाटून घेतात. एक शब्द नाही. भांडं उचलायचं, त्यावरच्या नावावरून बोट फिरवायचं, आणि ज्याचं त्याच्या ढिगात ठेवायचं. शेवटी मधोमध एक मोठं पितळी घंगाळ उरतं, न्हाणीतलं, दोन कड्यांचं. थोरलीच्या माहेरचं. तिचंच नाव त्यावर. धाकटी ते थोरलीकडं सरकवते. थोरली परत सरकवते. मग थोरली पदर सावरते, उठते आणि घंगाळ तिथंच ठेवून निघून जाते. हळूहळू अंधार. संहितेत हे सगळं मिळून अर्धं पान. अप्पा त्याला 'माझा कोरा प्रवेश' म्हणायचे. सगळ्या नाटकात त्यांचा जीव तेवढ्यातच होता.

परीक्षक नांदेडला आले तिघं. एक बंगाली, एक दक्षिणेकडचे, आणि प्रमुख म्हणून दिल्लीच्या एक वयस्कर मॅडम. तिघांनाही मराठीचा गंध नाही. भाषांतर वाचून कित्येक महिने झालेले, त्यामुळं मागं बसून हळू आवाजात हिंदीत सांगणारा माणूस पाहिजे, असा त्यांचा निरोप आला. सर म्हणाले, "दिगूकाका, तुम्ही. तुम्हाला नाटक पाठ आहे आणि हळू बोलता येतं." मी म्हटलं, "सर, माझी हिंदी आपली नांदेडची. दिल्लीवाले घाबरतील." सर म्हणाले, "अर्थ कळल्याशी मतलब." झालं. भरदुपारचा प्रयोग, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा नाटक समोरून, खुर्चीत बसून बघायला लागलो.

आता सवय म्हणजे काय असते बघा. नटाच्या अर्धा श्वास आधी बोलायचं, हे माझ्या हाडात मुरलेलं. त्यामुळं मी विनोद सांगायचो, तिघं परीक्षक हसायचे, आणि मग स्टेजवर विनोद व्हायचा. पहिल्या रांगेत हशा अगोदर, वाक्य नंतर! स्टेजवरची मंडळी पार भांबावली. थोरलीचं काम करणाऱ्या आमच्या मंगलताई, झेडपीच्या शाळेत बाई आहेत, त्या तर स्वतःच्या लुगड्याकडं बघायला लागल्या, कुठं काही सुटलंय का म्हणून. मी सावरायचा प्रयत्न केला, पण जमेना. आपलं हिंदी नटाच्या वाक्यानंतर यायला पाहिजे हे डोक्याला कळत होतं, जिभेला नाही.

मग कोरा प्रवेश आला.

दोघी जावा बसल्या. भांड्यांचे आवाज. बाकी शांतता. मंगलताईंनी एका तांब्यावरून बोट फिरवलं आणि नुसत्या बघत बसल्या. मॅडमनी मान मागं वळवली. "क्या हुआ? भूल गयीं?" मी म्हटलं, "नै मॅडम, पॉज है." त्यांनी मान डोलावली. थोड्या वेळानं पुन्हा वळल्या. बंगाली बाबूही वळले. तिघांचे डोळे माझ्याकडं, स्टेजकडं कुणीच बघेना! आणि माझ्या अंगाला दरदरून घाम. मला माहीत होतं हा पॉज आहे. पण आयुष्यभर ज्यानं शांततेत शब्द टाकले, त्याच्या तोंडाकडं तीन माणसं शब्दासाठी बघत बसली तर त्यानं काय करावं? ते सगळे गुण देणारे. त्यांना वाटलं असतं, बाया पाठ करून आल्या नाहीत. अप्पांचा पुरस्कार माझ्या डोळ्यांदेखत चालला होता.

मी बोलायला लागलो. थोरलीनं ताट उचललं की, "बडी बोलती, ये तेरी शादी का है, रख ले." धाकटीनं वाटी सरकवली की, "छोटी बोलती, मेरेकू नक्को, तेरे बच्चे इसमें खाते थे." कुठून येत होतं कुणास ठाऊक. मी नाटक सांगत नव्हतो, पण मला ते बायांच्या हातांत दिसत होतं, दुसरं काय सांगू? परीक्षक पुन्हा स्टेजकडं बघायला लागले. घंगाळ मधे राहिलं आणि थोरली उठून चालली, तेव्हाही मी काहीतरी बोललो. मॅडमनी पर्समधून रुमाल काढला.

प्रयोग संपल्या संपल्या मी सरांना सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काय होतं त्यात? सर पोट धरून हसले. म्हणाले, "काका, तुम्ही पण ना!" अप्पा त्या दिवशी रेणापूरची शेवटची गाडी गाठायच्या गडबडीत निघून गेले होते. विषय तिथंच राहिला.

आणि मग पुरस्कार जाहीर झाला. आमच्या ग्रुपवर नुसता गुलालाचा आणि फुलांचा पाऊस. मंगलताईंनी शाळेत पेढे वाटले. मानपत्राचा मसुदा आला, सरांनी मराठी करून तोही टाकला. त्यात लिहिलं होतं, की विशेषतः भांड्यांच्या वाटणीच्या प्रवेशातले मोजके, काळजाला भिडणारे संवाद म्हणजे नाटककाराच्या प्रतिभेची साक्ष आहेत.

ग्रुप एकदम गप. मंगलताईंनी टाकलं, "कोणते संवाद?" 

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात ऑटो थांबला. अप्पा उतरले. चेहरा असा, की बायको आणलेलं पाणी घेऊन दारातच उभी राहिली.

"दिगंबरराव, तुम्ही काय बोल्ला त्यांना?"

"अप्पा, आधी बसा तर."

"बसत न्हाई. त्या प्रवेशात एक शब्द न्हाई. कोरा ठिवलाय मी. मग मला बक्षीस कशाचं दिऊन राहिले ते लोक?"

मी सगळं सांगितलं. परीक्षकांचे माझ्याकडं वळणारे डोळे, घाम, तांब्या, ताट, वाटी. अप्पा ऐकता ऐकता बसले. मग म्हणाले, "त्या थोरल्या जाऊबाई म्हंजे माझी माय हाय. ठाऊक हाय का तुमाला?"

मला ठाऊक नव्हतं. तालमीत त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"खरंच झालेलं हाय ते. माय अन् काकू. दोघीबी दिवसभर गप. शेवटी घंगाळ राहिलं. मायच्या माहेरचं हो, तिचा लई जीव त्याच्यावर. रोज चिंचेनं घासायची. अन् तसंच ठिवून उठली. आमी नव्या घरी डब्यानं आंघोळी केल्या. तिनं कवा नावबी काढलं न्हाई त्याचं."

"पण का ठेवलं त्यांनी?"

अप्पा माझ्यावर खेकसलेच. "ते मला ठाऊक असतं, तर लिवलं नसतं का मी? ठाऊक न्हाई म्हणून तर कोरं ठिवलं!"

 बायको पाण्याचा तांब्या समोर ठेवून आत गेली. मग अप्पा हळू आवाजात म्हणाले, "तुमी काय सांगितलं? तिनं कामून न्हाई घेतलं म्हणून?"

आता हे सांगायला मला जड गेलं. "अप्पा, माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हटलं, बडी बोलती, इधरच रहने दे. कभी मांगने आऊंगी. उसके बहाने उतनाच आना होता."

 अप्पांनी तो तांब्या उचलला आणि उगीचच त्यावरच्या नावावरून बोट फिरवलं. आमच्या सासूबाईंचं नाव होतं.

"असं असंल का?" म्हणाले.

"मला काय माहीत, अप्पा. मी नुसता बोललो."

"गेली न्हाई पण ती. मागायला. एकदाबी न्हाई गेली." मग एकदम उठले. "हे बगा. ते बक्षीस तुमच्या बोलण्याचं हाय. माझं न्हाई. मी घेणार न्हाई."

मग जे सुरू झालं त्याला गोंधळाशिवाय दुसरा शब्द नाही. सर धावत आले. म्हणाले, पुरस्कार फक्त लेखकाला नाही, नाटकाला आहे, सगळ्यांची मेहनत आहे, अप्पांनी असं करू नये. मग म्हणाले, सोपा उपाय आहे: काका जे बोलले ते लिहून घेऊ आणि लातूरच्या समारंभाच्या प्रयोगात मंगलताईंच्या तोंडी घालू, म्हणजे मानपत्र खरं होईल. अप्पा म्हणाले, "एक शब्द घातला तर मी सोता स्टेजवर येऊन पडदा पाडीन." मंगलताई रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, "काका, पहिलं मी गप बसायचे तेव्हा नुसती गप बसायचे. आता मला कळंना गेलंय, गप बसून विचार कुणाचा करू, अप्पांचा का तुमचा?"  मी दुकानातून ब्रेड आणायला गेलो आणि चहापत्ती घेऊन आलो, अशी माझी अवस्था.

शेवटी अप्पांनी स्वतःच मॅडमना फोन लावायचा ठरवला. "माझी हिंदी भाव सांगण्यापुरती हाय," म्हणाले, आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणजे पुन्हा मधे मीच! अप्पांचं म्हणणं असं होतं: मानपत्रातले संवाद नाटकात नाहीत. लातूरला तुम्ही पुन्हा प्रयोग बघा, मागं कुणीही सांगणारा नसेल. तो प्रवेश बिनशब्दाचा बघा. त्यानंतरही तुम्हाला हा माणूस पुरस्काराच्या लायक वाटला, तर मी घेईन. नाहीतर परत घेऊन जा, माझा राग नाही. मी हे जमेल तसं हिंदीत सांगितलं. मॅडम पलीकडून म्हणाल्या, "वाह, बहुत सुंदर, बहुत सुंदर." त्यांना काय समजलं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. अप्पांनी विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "हो म्हणाल्या."

लातूरचं नाट्यगृह त्या संध्याकाळी गच्च भरलेलं. अर्धं रेणापूर आलेलं. पहिल्या रांगेत मॅडम आणि दोघं परीक्षक. त्यांच्या मागच्या खुर्च्या अप्पांच्या हट्टापायी मोकळ्या ठेवलेल्या. मी विंगेत माझ्या जागेवर. अप्पा प्रेक्षकांत बसायला तयारच होईनात, ते माझ्याशेजारी स्टुलावर येऊन बसले. नवा सदरा, खांद्यावर राहीना म्हणून घडी करून मांडीवर ठेवलेलं उपरणं. "काही चुकलं तरी तुमी तोंड उघडायचं न्हाई," मला म्हणाले. मी ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

कोरा प्रवेश सुरू झाला. मी विंगेच्या फटीतून पहिल्या रांगेकडं बघून घेतलं. मॅडमनी एकदा मागं वळून पाहिलं. मोकळी खुर्ची. मग पुन्हा समोर बघायला लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. भांड्यांचे आवाज होत राहिले. ताट, वाटी, परात. माझ्या मनात माझीच वाक्यं उगवत होती, मी ती गिळत होतो. शेजारी अप्पांचा श्वास ऐकू येत होता.

घंगाळ राहिलं. धाकटीनं सरकवलं. मंगलताईंनी परत सरकवलं. पदर सावरला. उठल्या. आता जायचं.

गेल्याच नाहीत. घंगाळाकडं बघत उभ्या राहिल्या. मी पाय बघितले. अंगठे स्थिर. विसरल्या म्हणावं तर विसरायला वाक्यच नाही. थांबल्या म्हणावं तर एवढं थांबायचं ठरलेलं नाही. प्रेक्षागृहात कुणी खोकेना. लाइटवाला आमच्याकडं बघतोय, अंधार करू का? मी त्याला हातानं थांब म्हणालो, का कर म्हणालो, मला आठवत नाही.

आणि माझ्या उजव्या कानापाशी आवाज आला, "घे की माय."

दाबलेला नाही, घशातला नाही. चांगला मोकळा, फुटलेला आवाज. खाली पार मधल्या रांगांपर्यंत गेला. मंगलताईंना तर इतक्या वर्षांची सवय, विंगेतून आलेला शब्द उचलायचाच. त्यांनी वाकून दोन्ही हातांनी घंगाळ उचललं, छातीशी धरलं, आणि रडत रडत सरळ आमच्या विंगेत आल्या. बाहेर अंधार झाला.

अप्पा उभे होते. त्यांनी मंगलताईंच्या हातातून घंगाळ घेतलं आणि स्टुलावर बसले, घंगाळ मांडीवर. एवढ्या वयाचा माणूस, हुंदके देऊन रडत होता. मंगलताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मागून सर धावत आले. "अहो अप्पा, ते घंगाळ शेवटच्या प्रवेशाला लागतं! धाकटी त्यात ऊन पाणी काढते!"

"न्हाई देत," अप्पा म्हणाले.

"अहो, प्रयोग चालू आहे!"

"न्हाई देत म्हणलं की."

दिलं नाही. धाकटीचं काम करणारी मुलगी अंधारात चाचपडली, उजेड आला तर चुलीपुढं घंगाळ नाही. बिचारी त्या रिकाम्या जागेकडं बघतच सगळा प्रवेश बोलली. लोकांना वाटलं, असंच आहे. पडदा पडला तेव्हा माणसं उभी राहिली होती.

मॅडम स्टेजवर आल्या, माइक हातात घेतला. हिंदीत म्हणाल्या, की नांदेडला त्या प्रवेशात पुष्कळ संवाद होते, आणि आज लेखकानं ते सगळे काढून टाकून फक्त एक वाक्य ठेवलं. एवढं काढून टाकायची छाती फार थोड्या लेखकांना असते. मी विंगेत तोंड उघडं ठेवून ऐकत होतो. सांगावं का यांना काही? आणि काय सांगावं?

अप्पांनी माझी बाही ओढली. "दिगंबरराव, कोण बोललं ते? तुमी का मी?"

"तुम्ही, अप्पा."

"नक्की?"

"माझ्या कानाशी होतात तुम्ही. तुम्हीच."

बाहेर त्यांचं नाव पुकारलं. अप्पा बसूनच होते. "मंग आता त्या प्रवेशात एक वाक्य हाय," म्हणाले.

"हाय."

"अन् ते माझं हाय."

"तुमचंच हाय, अप्पा."

त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि उठले. मी म्हटलं, घंगाळ द्या माझ्याकडं. दिलं नाही. तसेच, दोन्ही हातांनी घंगाळ छातीशी धरून, उजेडात गेले. मॅडमनी सन्मानचिन्ह पुढं केलं. अप्पांनी त्याच्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडं पाहिलं. घंगाळ काही खाली ठेवलं नाही. मॅडम जराशा गोंधळल्या, आमच्या सरांकडं बघितलं, सरांनी माझ्याकडं बघितलं. मग मॅडमनी पुढं होऊन ते सन्मानचिन्ह अलगद घंगाळातच ठेवलं.